सर्व सुवासिनींनी अगत्य यावे

गेल्या संक्रांतीची गोष्ट आहे. लिहायला एक वर्ष गेलं, कारण मधे बरंच काही कळत गेलं आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या माणसांना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. आता विचारून झालंय. कुणाचंही नाव टाकत नाहीये, ते त्यांनीच सांगितलंय.

आम्ही कर्वेनगरला राहतो, जुनी सोसायटी, तीन विंग, लिफ्ट आत्ता आत्ता झाली. दरवर्षी संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला एखादा शनिवार धरून खाली पार्किंगमधे हळदीकुंकू असतं आणि त्याचा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. मी काय करायचे, मागच्या वर्षीचा मेसेज उचलायचा, तारीख बदलायची, टाकून द्यायचा. तो असा होता: "आम्ही सर्व जणींनी हळदीकुंकू ठेवले आहे, तरी सर्व सुवासिनींनी अगत्य यावे व वाण लुटण्याचा आनंद घ्यावा." खाली पतंग, फुलं, तिळगुळाचं चित्र. दहा मिनिटांत वीसेक अंगठे आले आणि मी फोन ठेवून पोळ्या करायला गेले.

रात्री साडेनऊला समोरच्या काकूंचा मला वेगळा मेसेज. "अगं, वड्या मी दरवर्षीसारख्या करून ठेवते, शनिवारी दुपारी कुणाला तरी न्यायला पाठव. मी काही येत नाही."

काका ऑगस्टमधे गेले होते. आम्ही सगळे होतो तेव्हा, डबे पोचवले, ससूनला जाऊन कागदपत्रं करून आणली, बाराव्यापर्यंत त्यांच्या घरी रात्री झोपायला कुणी ना कुणी असायचं. म्हणजे माया नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. आणि तरी जानेवारीत मी हा मेसेज टाकला आणि टाकताना त्या माझ्या डोक्यातच आल्या नाहीत. काकू सतरा वर्षं या हळदीकुंकवाच्या तिळाच्या वड्या करतायत, आम्ही राहायला यायच्या आधीपासून. मला तो मेसेज वाचून अक्षरशः पोटात कालवलं. रात्रीच समोरचं दार वाजवलं. म्हटलं काकू असं काय करताय, तुम्ही यायचंच आहे, मेसेजचं काय घेऊन बसलात, तो दरवर्षीचाच आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "दरवर्षी मी त्यात होते गं. यंदा नाहीये. तू आत्ता येऊन सांगतीयेस ते तुझ्या मनातलं झालं, पण मेसेजमधे मी नाहीये ना."

राग नव्हता, टोमणा पण नव्हता. मी परत आले आणि झोप काही लागली नाही.

एक गोष्ट तर मला फारच टोचली. आपण राहतो कर्वेनगरला. हे नाव ज्यांचं त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा बाईंशी लग्न केलं, त्यापायी मुरूड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं, १८९६ ला पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला हलला. हिंगणे म्हणजे हेच, आमच्या बसस्टॉपपासून चालत जाता येतं. त्या काळात तिथपर्यंत धड रस्ता नव्हता आणि अण्णा कर्वे शहरातून पायी यायचे हे आम्ही शाळेत शिकलो, त्यावर मी निबंध पण लिहिलाय. आणि त्याच हिंगण्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या सोसायटीत मी लिहितीये की सर्व सुवासिनींनी यावे.

ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती टाकली, "सर्व जणींनी यावे". दोन-तीन जणींनी खासगीत विचारलं काय झालं म्हणून. एकीने विचारलं, "मग कुंकू लावायचं की नाही त्यांना?" हा प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता, तिला खरंच कळत नव्हतं, मलाही नव्हतं. काकू त्या वर्षी आल्या नाहीत. पूर्ण पार्किंगमधे त्यांच्या वड्या फिरत होत्या आणि आम्ही एकमेकींना तिळगूळ घ्या गोड बोला म्हणत होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलीये की आपण ज्या माणसाबद्दल बोलतो तो माणूस बहुतेक वेळा तिथेच असतो. ग्रुपमधे असतो, शेजारच्या टेबलवर असतो, दारात उभा असतो, किंवा त्याची बहीण समोर बसलेली असते आणि आपल्याला माहीत नसतं. शब्द निवडायचा म्हणजे काय तर तो माणूस ऐकतोय असं धरून बोलायचं, माझ्यापुरतं तरी हे एवढंच आहे आणि एवढंच पुष्कळ अवघड आहे.

आता शब्द बदलला की झालं का, तर नाही, आणि हे पण काकूंमुळेच कळलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनी पण हे करावं म्हणून सांगितलं. मग २०२३ च्या एप्रिलमधे महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' असा शब्द वापरता येईल का यावर प्रस्ताव करा असं पत्र खात्याला दिलं आणि सगळीकडून टीका झाल्यावर निर्णय झालेला नाही, फक्त चर्चा आहे असं सांगावं लागलं. मी तेव्हा विचार केला होता की शब्द तर किती सुंदर आहे, दोन्ही नदीची नावं, मग लोक का चिडतायत. काकूंना गेल्या वर्षी सहज विचारलं. त्यांनी कपाटातून त्यांच्या लग्नाची पत्रिका काढून दाखवली. त्यात त्यांच्या आजीच्या नावामागे गं. भा., म्हणजे गंगा भागीरथीच, छापलेलं आहे, आईच्या नावामागे सौ., आणि पुरुषांच्या नावामागे सगळ्यांच्या नुसतं श्री. आजोबा नसलेल्या आजीला पत्रिकेतच ओळखू येतं. पण बायको नसलेला एक मामा पण त्याच पत्रिकेत आहे, तो श्री.च आहे, त्याच्या नावावरून काहीच कळत नाही. काकू म्हणाल्या, "शब्द गोड आहे की कडू आहे हा प्रश्नच नाही गं, माझ्या नावाआधी माझा नवरा आहे का नाही हे लोकांना कशाला सांगायचं?" त्यांना सौ. नको, श्रीमती नको, नुसतं नाव आणि आडनाव लिही म्हणाल्या. मेंटेनन्सच्या पावतीवर आता तसंच येतं, सेक्रेटरींना मी दोनदा सांगितलं तेव्हा आलं.

असंच 'दिव्यांग' शब्दाचं. २०१५ च्या डिसेंबरमधे पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात हा शब्द सुचवला, नंतर सरकारी पाट्या, बसमधल्या राखीव सीट, सगळीकडे 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं. माझ्या ओळखीत एकीला तो आवडतो, तिच्या आईला अपंग शब्द ऐकून रडू यायचं म्हणाली. आणि दुसरा एक मित्र, पोलिओमुळे कॅलिपर लावून चालतो, तो म्हणतो की माझा पाय दिव्य नाहीये, दुखतो, मला अपंग म्हण नाहीतर नावाने हाक मार पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा. दोघांचं बरोबर आहे. म्हणून यादी पाठ करून काही होत नाही, ज्याचं त्याला विचारावं लागतं. २०१६ चा कायदा झाला त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. म्हणजे कित्येक प्रकारची माणसं तोवर त्या कायद्याच्या यादीत नव्हतीच. मेसेजमधे मी नाहीये, तसंच हे.

बरं आता घरातलं सांगते, कारण सगळ्यात जास्त मी घरात शिकले.

मराठीत कुणाशीही बोलायचं म्हटलं की पहिल्या वाक्यातच ठरवावं लागतं की समोरच्याला कुठे बसवायचं. तू का तुम्ही. ये का या. इंग्रजीत यू म्हणून सुटता येतं, आपल्याकडे क्रियापदच सांगून टाकतं. आणि हे काही फक्त वयावर नसतं. आपल्या कित्येक घरांत "ए आई" असतं आणि "अहो बाबा" असतं. बायको अहो म्हणते, नवरा अगं म्हणतो. आईला तू म्हणण्यात प्रेम आहे हे मला पटतं, विठ्ठलाला पण आपण तूच म्हणतो, त्यामुळे तू म्हणजे अपमान असं मुळीच नाही. पण मग बाबांवर प्रेम नव्हतं का, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर आमच्याकडे भांड्यांना आणि पोळ्यांना ज्या येतात त्या अकरा वर्षं येतायत. वय साठीच्या जवळ असेल. माझ्या सासूबाई त्यांना अगं म्हणतात, मी मावशी म्हणते आणि तुम्ही म्हणते, आणि मला वाटायचं की मी खूप चांगलं बोलते. एक दिवस माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची, सोफ्यावर बसून त्यांना म्हणाली, "मावशी, तू आज एवढा उशीर का केलास?" शब्द तर होतेच पण सूर. तो सूर तिने कुठून तरी उचलला होता आणि घरात उचलण्यासारखी माणसं तीनच आहेत. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की अहो म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. त्यावर सासूबाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं घरातलीच मानलीये मी तिला, तू अहो-जाहो करून परकी करतीयेस." त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या आजारपणात सगळ्यात जास्त याच मावशींनी केलंय आणि दोघी दुपारी एकत्र चहा पितात, मालिका बघतात.

मग म्हटलं भांडण्यापेक्षा मावशींनाच विचारू. विचारायला मला दोन दिवस लागले, कारण आपण हा प्रश्न कधी विचारतच नाही. त्या ओट्याशी उभ्या होत्या, हात पुसत म्हणाल्या, "आजींचं चालतंय, त्या मोठ्या हायेत, त्यांचं अगं मला गोड लागतं. पोरीनं अहोच म्हणावं, माझ्या नातवाएवढी हाय." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "ताई, पर मावशी काय, सगळ्याच मावशी. खाली वॉचमन पण मावशी म्हनतो, समोरच्या पण म्हनतात, ज्या झाडू मारतात त्या पण मावशी. नाव कुनी घेत नाही."

मी त्या दिवशी माझा फोन बघितला. अकरा वर्षं त्यांचा नंबर माझ्याकडे 'मावशी भांडी' म्हणून सेव्ह होता. त्यांच्याकडे माझा नंबर माझ्या नावाने आणि पुढे ताई. आता मी त्यांना त्यांच्या नावापुढे ताई लावून हाक मारते. पहिले पंधरा दिवस दोघींना विचित्र वाटलं, आता सवय झाली.

'कामवाली' हा शब्द पण मी सोडलाय. 'घरकामगार' म्हणते, सुरुवातीला पुस्तकी वाटतं पण त्यात कामगार आहे, आणि कामगार म्हटलं की पगार, सुट्टी, बोनस हे पाठोपाठ आठवतं, निदान मला तरी आठवलं आणि महिन्याच्या चार सुट्ट्या आम्ही त्यानंतर ठरवून दिल्या. राज्यात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. आणि आपल्या पुण्यात तर १९८० सालीच या बायकांनी संप केला होता आणि त्यातून संघटना उभी राहिली, तिच्या नावात 'मोलकरीण' हा शब्द त्यांनी अभिमानाने ठेवलाय. मोल घेऊन काम करणारी, शब्दात वाईट काय आहे. वाईट आपण बोलून बोलून केलं.

कचऱ्याचं पण अगदी तेच. सकाळी बेल वाजली की "आई कचरेवाली आली" असं सगळ्या मजल्यांवर ऐकू येतं, आणि ती ताई दारात उभी राहून ते ऐकत असते. कचरा आपला आहे. ती तो वेगळा करून नेते, ओला वेगळा, सुका वेगळा, पॅड कागदात न गुंडाळता टाकलेली हाताने बाजूला करते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, आणि त्या स्वतःला कचरावेचक म्हणवतात. निवडणारी, वेगळं करणारी. 'वाली' आणि 'वेचक' यात केवढा फरक आहे हे एकदा दोन्ही म्हणून बघा. आमच्याकडे नोटीस बोर्डवर "कचरेवाली दोन दिवस सुट्टीवर" अशी चिठ्ठी लागायची, ती मी बदलायला लावली. एका काकांनी विचारलं याने काय फरक पडतो. मी म्हटलं तुमच्याबद्दल "पेन्शनवाला दोन दिवस गावाला" असं बोर्डवर लागलं तर? ते काही बोलले नाहीत पण पुढची चिठ्ठी त्यांनीच नीट लिहिली.

आता जे सांगणार आहे ते मला अजून लाज वाटणारं आहे. पुण्यात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडात असतं, "तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे." म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. कुणी विसरलं, कुणी जास्त हसलं, कुणी रविवारी पहाटे सिंहगड चढायला निघालं, की येरवडा. मी पण शेकडो वेळा म्हटलंय. ऑफिसच्या कँटीनमधे एकाने एकच फाइल दोनदा पाठवली म्हणून मी ते मोठ्याने म्हटलं आणि सगळे हसले, समोरची मैत्रीण पण हसली. चार महिन्यांनी एकदा कॅबमधून घरी जाताना तिने सांगितलं की तिचा भाऊ येरवड्याच्या मनोरुग्णालयात होता, दर आठवड्याला ती आणि आई भेटायला जायच्या, आणि ऑफिसमधे ती सांगायची की मामाकडे विश्रांतवाडीला जाते. "मी सांगणार होते तुला, त्याच आठवड्यात सांगणार होते," ती म्हणाली, "मग तू कँटीनमधे ते बोललीस आणि मला वाटलं नको."

चार महिने. त्या चार महिन्यांत तिचा भाऊ घरी आला, परत बिघडला, औषध बदललं, आणि हे सगळं तिने एकटीने निभावलं कारण माझ्या तोंडून एक सवयीचं वाक्य गेलं. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली सगळेच म्हणतात. हेच तर जास्त वाईट आहे.

कायद्यानेसुद्धा आपली भाषा बदलली हे मला नंतर वाचताना कळलं. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होतं, 'ल्युनसी ॲक्ट', तो स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षांहून जास्त चालू राहिला. १९८७ ला मानसिक आरोग्य कायदा आला, आणि २०१७ च्या कायद्यात मानसिक आरोग्याची 'सेवा' मिळणं हा माणसाचा हक्क म्हणून आलं. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेड्यांचं हॉस्पिटलच आहे. महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आणि मला खात्री आहे की ठाण्याच्या आणि नागपूरच्या लोकांकडे पण त्यांचं त्यांचं वाक्य असणार. मी ते बोलणं बंद केलं. लगेच नाही जमलं, दोनदा अर्ध्यात थांबले. मुलगी आता मला पकडते, ती शाळेतून "वेडा आहेस का" घेऊन येते आणि मी तिला पकडते, असं चाललंय.

येरवड्यालाच डेक्कन कॉलेज आहे, आणि त्यावरून अजून एक आठवलं जे मी वीस वर्षं मनात ठेवलंय. कॉलेजच्या होस्टेलवर माझी रूममेट कोल्हापूरकडची होती. ती म्हणायची, "मी जातो", "मी जेवलो", तिकडे बायका असं बोलतात, तिची आई आजी सगळ्या तसंच बोलतात. पहिल्या आठवड्यात वर्गात ती उभी राहून "मी सांगतो सर" म्हणाली आणि पूर्ण वर्ग हसला. मी पण हसले. शिकवणाऱ्या सरांनी थांबवलं नाही, उलट त्यांनी "सांगते" असं दुरुस्त केलं. महिन्याभरात ती अगदी पुणेरी बोलायला लागली, जाते, येते, करते, सगळं बिनचूक. आणि वर्गात उभं राहून बोलणं तिने बंद केलं. रात्री ती फोनवर आईशी "आलो गं, रविवारी येतो" असं बोलायची तेव्हा तिचा आवाजच वेगळा असायचा, मोकळा, आणि मी पांघरुणात पडून ऐकायचे आणि मला कळायचं की आपण काहीतरी वाईट केलंय पण काय ते शब्दात सांगता यायचं नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, ऑनलाइन बघता येतं, गावोगावी जाऊन कुठे काय आणि कसं म्हणतात ते नोंदवलंय. मी तिला त्याची लिंक पाठवली आणि खाली सॉरी लिहिलं, वीस वर्षांनी. तिचं उत्तर आलं, "बघतो."

आम्हा पुणेकरांना आपल्या शुद्ध मराठीचा फार अभिमान असतो. मलाही होता. पाणी का पानी यावरून माणूस किती शिकलाय, कुठल्या वस्तीतला आहे, आणि खरं सांगायचं तर कुठल्या जातीचा आहे हे आपण मनात ठरवून मोकळे होतो. तेच आडनावाचं. नवीन भाडेकरू आले की पहिला प्रश्न "पूर्ण नाव काय?" आणि नुसतं नाव सांगितलं की "नाही, आडनाव?" विचारणाऱ्याला आडनाव पावतीवर नको असतं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्याला त्याहून जास्त. सरकारने २०२० च्या डिसेंबरमधे वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची ठरली. चांगलंच झालं. पण सोसायटीच्या गेटवरचा तो प्रश्न कुठल्याच जीआरमधे येत नाही, तो आपणच गिळावा लागतो. मी आता फक्त "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" असं विचारते. लोक जे सांगतात ते त्यांचं.

भाचीने परवा एक सांगितलं ते पण लिहून ठेवते. तिच्या क्लासच्या रस्त्यावर एक जण रोज मागे यायचा, तिने घरी सांगितलं तर घरचे म्हणाले छेडछाड होतेच गं त्या रस्त्याला, दुसरीकडून जा. ती म्हणाली, मावशी, छेडछाड म्हटलं की खेळ वाटतो गं, मला भीती वाटत होती. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांसाठी आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, त्यात 'ईव्ह टीझिंग' म्हणू नका, रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असं स्पष्ट दिलंय. मी ते तिच्या आईला वाचून दाखवलं. शब्द बदलल्यावर तिची आई तिच्याबरोबर चौकीत गेली.

माझा भाऊ म्हणतो एवढं तोलूनमापून बोलायचं तर माणूस बोलायचाच बंद होईल. मी त्याला म्हटलं की तोलूनमापून तर तू आत्ताही बोलतोस. साहेबांशी, सासऱ्यांशी, बँकेच्या मॅनेजरशी, आरटीओमधे. तेव्हा तुझं तुम्ही, आपण, कृपया सगळं बरोबर येतं, एकदाही चुकत नाही, आणि तू काही मुका झालेला नाहीस. मराठी मूल लहानपणीच कुणाला ए आणि कुणाला अहो हे शिकतं, म्हणजे अवघड नाहीये. फक्त आजवर ते कुणासाठी करायचं हे दुसऱ्यांनी ठरवून दिलं होतं. (आणि मुका हा शब्द मी इथे वापरला आणि मग थांबले, कारण कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की मूकबधिर म्हणू नका, ही मुलं मुकी नाहीत, त्यांना आवाज आहे आणि खुणांची पूर्ण भाषा आहे. वाक्य बदलता आलं असतं, पण तसंच ठेवतीये, सवय किती खोल असते ते दिसावं म्हणून.)

चुकेन मी अजून. चुकले की काय करायचं ते पण शिकतीये, लांबलचक रडून माफी मागायची नाही कारण मग समोरच्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं. सॉरी म्हणायचं, नीट शब्द वापरायचा, पुढे बोलायचं.

तर यंदाची संक्रांत. मेसेज लिहायला बसले तेव्हा मागचा उचलला नाही. काकूंकडे गेले, म्हटलं तुम्ही बघा. त्यांनी चष्मा लावला. मी लिहिलं होतं, "आम्ही सर्व मैत्रिणींनी संक्रांतीनिमित्त तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला आहे, सर्व महिलांनी यावे." त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. "हे आम्ही कोण गं?"

आपल्या मराठीत किती सोय आहे बघा, तेलुगू-तमिळमधे आहे, गुजरातीत आहे, पण हिंदीत नाही आणि इंग्रजीत नाही. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तो आत येतो. दोन वेगळे शब्दच आहेत. मी शाळेत व्याकरणात शिकले असेन, पण ते सोसायटीच्या पार्किंगमधे कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी 'आम्ही' खोडलं.

मग काकूंनी विचारलं, "आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुली?" तिथे लातूर-नांदेडकडच्या चार मुली भाड्याने राहतात, एमपीएससीचा अभ्यास करतात, रात्री दोन-दोनपर्यंत त्यांचा दिवा चालू असतो. मी म्हटलं ग्रुपवर टाकणारच आहे की, सर्व महिला लिहिलंय, त्यात त्या आल्याच. काकू म्हणाल्या, "अगं तो ओनर्सचा ग्रुप आहे. त्या त्याच्यात नाहीयेत."

कार्यक्रमाच्या दिवशी काकू खाली आल्या. पार्किंगमधे मी प्रत्येकीला आधी विचारत होते, हळदीकुंकू लावू का. काकूंनी मान हलवली, कुंकू नको म्हणाल्या, तिळगूळ दे. कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी त्यांना शेजारी खुर्ची ओढून दिली. आमच्या ताई पण आल्या होत्या, काम आटपून, साडी बदलून, त्यांच्या नावाने त्यांना वाण दिलं. मग काकू उठल्या, वड्यांचा डबा उचलला आणि मला म्हणाल्या चल. लिफ्ट असून त्या जिन्याने चढल्या. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, एकीने दार उघडलं, हातात पुस्तक, केस बांधलेले, मागे भिंतीवर नकाशे. बाहेर दोन बायका बघून ती जरा घाबरलीच, तिला वाटलं काहीतरी तक्रार घेऊन आल्या.

काकूंनी डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "आपण खाली जमलोय. चला, चौघी पण."